ऊन खाणारी काच

संस्थेच्या स्वयंसेवक-अर्जात शेवटून दुसरा प्रश्न असा होता: ‘गेल्या वर्षभरात तुमच्या हातून काय बिघडलं? त्याचं पुढे काय केलंत?’ बाकीचे रकाने मी एका बैठकीत भरून टाकले होते. या प्रश्नापाशी पेन अडलं. सतरा वर्षं मी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे ‘बिघाड’ शब्द तोंडातून निघाला की मागोमाग चार सह्यांचा कागद निघतो. अशा ठिकाणी मुरलेलं माणूस आपलं बिघडलेलं सहजासहजी सांगत नाही. शेवटी ‘उल्लेखनीय काही नाही’ असं लिहिलं आणि अर्ज देऊन आले.

मुलाखतीत समन्वयक ताईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. ‘‘खरंच?’’ एवढंच विचारलं आणि पान उलटलं.

संस्था छोटी. दोन मोठ्या खोल्या, एक अंगण, पगारी माणसं तीन आणि बाकी सगळे माझ्यासारखे हौशी. आठ ते चौदा वयाची मुलं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी येतात. विज्ञान, कला आणि तंत्रज्ञान असे तीन विषय फलकावर लिहिलेत खरे, पण आत गेलं की कोणता कुठे सुरू होतो ते कळत नाही. एका टेबलावर मोटारीला पेनं बांधून चित्र काढणारं यंत्र थरथरत असतं, शेजारी कुणी ओल्या मातीत एलईडी खुपसत असतं. मला सुरुवातीला हा निव्वळ गोंधळ वाटला. अजूनही अधूनमधून वाटतो.

कामाला लागण्याआधीचे सोपस्कार भरपूर होते. ओळखीची पडताळणी, दोन माणसांची शिफारस, मग बालसुरक्षेचं प्रशिक्षण. मुलाबरोबर कधीही एकटं राहायचं नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो काढायचा नाही, मुलानं काही गंभीर सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही आणि ते नेमलेल्या व्यक्तीच्या कानावर घालायचं. हे सगळं मला पटकन पटलं. नियमांच्या बाबतीत आम्ही प्रयोगशाळेची माणसं चांगली विद्यार्थी असतो.

अवघड गेलं ते पुढचं. तीन सत्रं फक्त मदतनीस म्हणून उभं राहायचं आणि हात पाठीमागे बांधायचे. अक्षरशः. मुलाच्या हातातली वस्तू आपण घ्यायची नाही. काही दाखवायचंच असेल तर स्वतःसाठी वेगळी प्रत घेऊन तिच्यावर दाखवायचं. पहिल्याच दिवशी एका मुलानं मोटारीच्या दोन्ही तारा बॅटरीच्या एकाच टोकाला चिकटवल्या होत्या आणि मोटार का फिरत नाही म्हणून तो तिला फुंकर मारत होता. माझे हात इतके शिवशिवले की कधी पुढे गेले ते मलाही कळलं नाही. मागून ताईंचा आवाज आला, ‘‘हात.’’ मी ते मागे घेतले. पुढची अकरा मिनिटं (घड्याळ बघण्याशिवाय मला काही उद्योग नव्हता) त्या मुलानं मोटार उलटी केली, हलवली, बॅटरी बदलली आणि बदलताना एक तार चुकून दुसऱ्या टोकाला टेकली. मोटार गरकन फिरली. त्यानं तार काढली, पुन्हा टेकवली, पुन्हा काढली. मग शेजारणीला जाऊन सांगितलं, ‘‘हिला दोन्हीकडून लागतं.’’

प्रश्न कसा विचारायचा हेही तिथेच शिकले. ‘‘हे असं का केलंस?’’ म्हटलं की मूल चोरी पकडल्यासारखं गप्प होतं. ‘‘काय व्हायला हवं होतं? आणि काय होतंय?’’ म्हटलं की बोलायला लागतं. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान-संग्रहालय उघडलं, तेव्हा प्रदर्शनातल्या वस्तूंना लोकांनी हात लावावा अशीच त्याची मांडणी होती. पाहुण्यांशी बोलायला तिथे तरुण मुलामुलींना नेमलं जायचं, आणि ‘हात लावू नका’ हे त्यांचं काम नव्हतं. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण दोनदा आलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ताई माझ्याकडेच बघत होत्या असा माझा संशय आहे.

तीन सत्रं पार पडल्यावर स्वतःचा उपक्रम मांडायची मुभा मिळाली. मी सायनोटाइप, म्हणजे उन्हानं कागदावर निळे छाप काढायची रीत, निवडली. माझ्या मते संस्थेच्या फलकावरचे तिन्ही शब्द यात एकाच कागदावर बसतात. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची दोन पाणीदार द्रावणं सारख्या प्रमाणात एकत्र करायची, मंद पिवळ्या दिव्यात कागदावर फासायची आणि अंधारात वाळवायची. कागद पोपटी-पिवळा दिसतो. त्यावर पान, पीस, जाळी, जे हवं ते ठेवून उन्हात धरायचं. अतिनील किरण पडतात तिथे फेरिक लोहाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडशी जुळतं आणि प्रशियन ब्लू तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. झाकलेल्या भागातलं रसायन मात्र साध्या पाण्यानं धुऊन जातं. गडद निळ्यावर पांढरं पीस उरतं. जॉन हर्शेलनं १८४२ साली ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सनं समुद्रातल्या शेवाळांचे असे छाप काढून त्यांचं पुस्तक करायला घेतलं. नंतर इमारतींचे आराखडे याच पद्धतीनं उतरवले जाऊ लागले. ‘ब्लूप्रिंट’ शब्द तिथून आला.

मांडणीचा अर्ज एका पानाचा होता, पण त्यातले प्रश्न खोचक. मूल घरी काय घेऊन जाईल? तीन वेगळ्या मुलांना तीन वेगळ्या वाटांनी जाता येईल का? काय बिघडू शकेल? शेवटच्या रकान्यात मी ‘ढगाळ हवामान’ लिहिलं.

खरं वादळ आलं ते भलतीकडून. सामानाची यादी पालकांना पाठवली आणि दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला. ‘‘सायनाइड? मुलांच्या हातात?’’ दुपारपर्यंत असे आणखी चार. नावात सायनाइड असलं तरी फेरिसायनाइडमध्ये ते लोहाला घट्ट बांधलेलं असतं आणि म्हणूनच त्याचं विषारीपण कमी असतं, हे फोनवर समजावताना माझा घसा कोरडा पडला. तीव्र आम्ल आणि उष्णता यांच्यापासून ते दूर ठेवायचं, हेही मी सांगितलं. न सांगणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. सांगितल्यावर काळजी वाढली, हेही खरं. शेवटी ताईंनी पालकांना संध्याकाळी बोलावलंच. मी बरण्या, सुरक्षा-माहितीपत्रकं, हातमोजे, चष्मे टेबलावर मांडले. पूड मोठी माणसं हाताळतील, मुलांच्या हाती फक्त पातळ द्रावण आणि ब्रश येईल, तोही मोजे घालून, असं ठरलं. प्रशियन ब्लू थॅलियमच्या विषबाधेवर औषध म्हणून देतात, हे सांगितल्यावर पहिल्या फोनवाल्या बाई हसल्या. त्यांच्या मुलीचं नाव यादीत राहिलं. या मुलीचा पुढे संबंध येतो.

मग रंगीत तालीम. सहा स्वयंसेवक मुलं झाले, मी शिक्षिका. चौकटींच्या काचेखाली कागद दाबले, अंगणात आठ मिनिटं ठेवले, धुतले आणि निळे छाप दोरीवर लटकले. सगळे खूश. एकानंच सूचना केली: काचेच्या कडा मुलांच्या हाताला लागतील, ॲक्रिलिक का नाही घेत? सूचना रास्त होती. मी चित्रांच्या चौकटींसाठी मिळतात तसले ॲक्रिलिकचे बारा तावदानी तुकडे मागवले, त्यातल्या त्यात चांगल्या प्रतीचे. स्वच्छ, हलके, काचेपेक्षाही आरपार. कुणी दिले, कुठून आले याला महत्त्व नाही, वस्तूत काही खोट नव्हती.

खोट कुठे होती ते इथेच सांगून टाकते. माझ्या जुन्या नोकरीत प्रक्रियेतला एक साधा बूच बदलला तरी सगळी चाचणी नव्यानं करावी लागायची. सतरा वर्षं मी इतरांकडून ते करून घेतलं. इथे काच बदलली आणि मी एकही कागद उन्हात ठेवून पाहिला नाही.

उपक्रम चार सत्रांचा होता. पहिल्या दोनांत मुलांनी उजेड मोजणारं ‘ऊन-घड्याळ’ बनवलं. आर्डुइनोची पाटी (हवी ती आज्ञा लिहून देता येते असं छोटं सर्किट), उजेड पडला की रोध कमी होणारा एलडीआर, एक रोधक आणि एक बझर. पडलेला उजेड यंत्र मोजत राहतं, बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की बझर वाजतो. ढग आला तर घड्याळ आपोआप रेंगाळतं. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्हरेआत जन्मला तो इंजिनिअर नसलेल्या, डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठीच. त्यामुळे दहा वर्षांची मुलंही तासाभरात त्यावर दिवा लुकलुकवतात. पहिली अडचण अंगणात आली. उन्हात नेल्याबरोबर आकडा १०२३ वर जाऊन बसला आणि हलेचना. त्या पाटीला त्याच्यापुढे मोजताच येत नाही. कुणी डोळ्यांवर हात धरावा तसा एका मुलानं एलडीआरवर ट्रेसिंग पेपर धरला. एक थर, मग दोन. आकडा खाली उतरून हलू लागला. मला वाटलं, अवघड भाग संपला.

तिसऱ्या सत्राला लख्ख ऊन होतं. बारा मुलं, बारा पोपटी कागद, वर पानं, पिसं, किल्ल्या, एका मुलाचा स्वतःचा तुटका चष्मा. त्यावर माझी ॲक्रिलिकची तावदानं. ऊन-घड्याळं सुरू झाली. उघडा भाग एव्हाना निळसर-करडा व्हायला हवा होता. एक लहान मुलगा वाकून म्हणाला, ‘‘ताई, हा अजून पोपटीच आहे.’’ त्यावर मी जे बोलले ते मला शब्दशः आठवतं आणि आठवलं की कान गरम होतात. ‘‘घड्याळ वाजेल ना, तेव्हा झालं असं समज.’’

घड्याळं वाजली. एकापाठोपाठ एक, बाराही. कागद पाण्यात गेले. तबकातलं पाणी पिवळं झालं, आणखी पिवळं झालं, आणि कागद पांढरे होत गेले. जेमतेम निळसर सावली, तीही वाकडं करून बघितलं तर दिसेल अशी. कुणी बोलेना. तुटक्या चष्म्याचा मालक म्हणाला, ‘‘माझा चष्मा कुठे गेला?’’ आणि मला हसावं की रडावं कळेना.

आता इथे मी प्रामाणिक राहते. मला कारण माहीत नव्हतं. द्रावण जुनं झालं? कागद बदलला? पाण्यात क्षार? चार शंका डोक्यात भिरभिरत होत्या आणि तोंडावर शिक्षिकेचं शांत हसू ओढून मी उभी होते. इतके आठवडे हात मागे बांधायला शिकले होते, पण तेव्हा उत्तर खिशात असायचं. खिसा रिकामा असताना हात मागे बांधणं निराळं.

‘‘माझं झालंय,’’ कोपऱ्यातून आवाज आला. सायनाइडवाल्या बाईंची मुलगी. तिनं लांबलचक पीस घेतलं होतं, ते मावावं म्हणून कागद तिरका ठेवला होता आणि त्याचा एक कोपरा तावदानाबाहेर आला होता. साधारण इंचभर. त्या इंचात निळा इतका गर्द होता की बोट बुडेल असं वाटावं, आणि मधून पिसाचा पांढरा देठ. सरळ रेघ मारल्यासारखी तावदानाची कड, तिच्या आत काही नाही.

सगळे तिच्याभोवती जमले. तिथे ब्रश जास्त फिरला असेल, एक म्हणाला. वारा लागला असेल, दुसरी. ‘‘रेघ सरळ आहे,’’ तुटक्या चष्म्याचा मालक म्हणाला, ‘‘वारा सरळ रेघ मारत नाही.’’ त्या वाक्याला माझ्या डोक्यात दिवा लागला. चौकटींचं चांगल्या प्रतीचं ॲक्रिलिक: चित्रांचे रंग उडू नयेत म्हणून त्यात अतिनील किरण अडवणारं द्रव्य घालतात! म्हणूनच तर ते चांगल्या प्रतीचं. वाक्य अगदी ओठांवर आलं. दाराशी उभ्या ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मी वाक्य गिळलं आणि विचारलं, ‘‘काय करून बघितलं तर कळेल?’’

उरलेले कोरे कागद सात होते, म्हणून पट्ट्या कापल्या. एका पट्टीच्या अर्ध्यावर ॲक्रिलिक, अर्धी उघडी. दुसरीवर जुनी काच (ती मी धरली, कडांना टेप लावून). तिसरीवर तीच काच, पण मधोमध ऊन-रोधक मलमाचा फराटा. ही कल्पना पिसावाल्या मुलीची. कपाटात उन्हात जांभळे होणारे मणी होते, तेही कुणीतरी आणले. काचेखाली मणी क्षणात जांभळे. ॲक्रिलिकखाली पांढरेफटक. उचललं की जांभळे, झाकलं की हळूहळू फिके. हे त्यांनी वीसेक वेळा केलं, मला वाटतं निम्म्या वेळा नुसत्या मजेखातर. पट्ट्या धुतल्या तेव्हा काचेखालचा निळा उघड्या भागाच्या जवळपास, मलमाखाली पांढरा फराटा, ॲक्रिलिकखाली कोरं.

पण एक मुलगा फुरंगटून बसला होता. त्याचं म्हणणं, ‘‘मग घड्याळ का वाजलं? घड्याळ खोटं बोललं.’’ त्यानं एलडीआर उघड्यावर धरून आकडा लिहिला, मग ॲक्रिलिकखाली धरून. दोन्हींत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. बराच वेळ तो त्या दोन आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, ‘‘याला आपल्यासारखंच दिसतं. कागदाला दुसरं काहीतरी दिसतं.’’ एलडीआरला साधारण माणसाच्या डोळ्याला दिसतो तोच उजेड दिसतो, त्यातही हिरव्या-पिवळ्याच्या आसपासचा अधिक. सायनोटाइपला लागतो तो जांभळ्यापलीकडचा. आम्ही दोन सत्रं राबून चुकीचा उजेड मोजणारं उत्तम यंत्र बनवलं होतं. आणि त्याचं ऐकून मी त्या लहान मुलाला गप्प केलं होतं.

सत्र संपताना सगळे गोल बसतात. तिथे मी सांगितलं की तावदानं मी बदलली आणि करून पाहिलं नाही.

‘‘का नाही पाहिलं?’’

‘‘घाई होती.’’

‘‘आम्ही घाई केली तर तुम्ही चालवून घेत नाही,’’ पोपटी कागदवाला म्हणाला. त्याचं खरं होतं.

चौथ्या सत्रात काचा परत आल्या, कडांना जाड टेप लावून. घड्याळाचं काय करायचं यावर अर्धा तास भांडण झालं. एका गटाला अतिनील सेन्सर हवा होता. तो मागवला, पण गट संपल्यानंतर आला. दुसऱ्या गटानं त्याच कागदाची लहान पट्टी शेजारी ठेवून दर मिनिटाला तिच्यावरचं झाकण थोडं थोडं सरकवायचं ठरवलं, म्हणजे किती मिनिटांना किती निळा ते पट्टीच सांगेल. छायाचित्रं धुणारी माणसं अंधाऱ्या खोलीत हेच करत आली आहेत. मुलांना ते कुणी सांगितलं नव्हतं. छाप सुंदर आले. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, सायनोटाइप नीट केला की सुंदरच येतो. पालकांच्या प्रदर्शनात मात्र पोरांनी दर्शनी भागात लावल्या त्या तिसऱ्या सत्रातल्या पट्ट्या आणि तो इंचभर निळा कोपरा.

अहवालाचा कागद भरायचा होता. देणगीदारांना आकडे लागतात: किती मुलं, किती तास, उद्दिष्ट साध्य झालं का, हो की नाही. तिसऱ्या सत्रापुढे ‘नाही’वर खूण केली आणि ‘बारापैकी बारा छाप वाया, कारण स्वयंसेवकानं न तपासता साहित्य बदललं’ असं लिहिलं. ताईंनी वाचलं, सही केली.

ॲक्रिलिकची तावदानं कपाटात आहेत. वरच्या तुकड्यावर कुणाच्या तरी कच्च्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘ऊन खाणारी काच. फेकू नये.’ पुढच्या महिन्यात नवा गट येतोय. ताई म्हणतात, अकरा काचा ठेव आणि बारावी ही ठेव, कुणाला सांगू नकोस. मला ते पटत नाही. मुद्दाम पेरलेली चूक मुलांना वासावरून कळते, आणि माझा चेहरा लपवाछपवीत कच्चा आहे. मी म्हटलं, तावदान चिठ्ठीसकट टेबलावर उघडं ठेवूया, ज्याला हवं तो घेईल. ताईंचं म्हणणं, मग चिठ्ठी तरी काढ. आमचं अजून ठरलेलं नाही.